शनिवारची 'आरामात' राईड शर्यत का होते? (पुणे, २०० बीआरएमची तयारी)

तिसरा गिअर

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी तक्रारही करायची आहे.

आमचा रोडबाईकवाल्यांचा गट गेल्या वर्षी सहा जणांचा होता. आता व्हॉट्सॅपवर चव्वेचाळीस डोकी आहेत. त्यातली निम्मी फक्त 'मस्त रे' लिहिण्यापुरती असली तरी शनिवारी पहाटे साडेपाचला राजाराम पुलाशी पंधरा-सोळा सायकली उभ्या असतात. वय सव्वीस ते एकसष्ट. दोघं ट्रायथलॉनवाले, काही जण सरळ हँडलची हायब्रिड विकून नुकतेच रोडबाईकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर आलेले, आणि सहा जणांना डिसेंबरअखेर पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर पुरे करायची लांब राईड, शर्यत नव्हे) करायची आहे. त्या सहांत मी.

दर शनिवारी काय होतं ते सांगतो. निघताना एकमताने ठरतं, 'आज आरामात.' हा आराम धायरी फाट्यापर्यंत टिकतो. खडकवासल्याच्या भिंतीपाशी रस्ता जरा मोकळा झाला की कोणीतरी एक गिअर टाकतो. पुढच्याच्या चाकाला चिकटलेले दोघं त्याच्यामागे जातात. मग बाकीच्यांनाही वाटतं की आपण सुटलो तर परत पकडता येणार नाही. डोणजे फाटा मागे पडला की गटाचे तीन तुकडे, खानापूरच्या पुढे पाच. पानशेतला पहिले पोचलेले घाम वाळून कुडकुडत उभे, शेवटचे तोंडाला फेस आणून पंचवीस मिनिटांनी दाखल. मग पाऊण तास मिसळ. मग उन्हात परत. रविवारी कोणीच उठत नाही, कारण पाय गळालेले असतात.

हे जूनपासून चाललंय, मधला पाऊस धरून. आणि माझा पानशेतचा सरासरी वेग जूनमध्ये होता तेवढाच आहे. एक किलोमीटरने वाढला असता तरी गप्प बसलो असतो.

सप्टेंबर संपत आला, पाऊस ओसरतोय, हातात बारा आठवडे आहेत. शनिवार-रविवार नीट कसे आखावेत? रूट, वेळ, गट पाडणं, मिसळ, सगळ्याबद्दल बोला. एकच विनंती: 'सायकल कुठली घेऊ' हा विषय इथे नको, त्यावर आधीच तीन धाग्यांचं काश्मीर झालंय.

---

डबलसीट

पहिला धडा: ज्या गटात 'आज आरामात' असं मोठ्याने म्हटलं जातं, तिथे आराम नसतो. आमच्याकडे हे वाक्य म्हणणाराच पहिला सुटतो.

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

---

मागचा दिवा

मी वेगवान माणूस नाही, पण २००, ३००, ४००, ६०० हे सगळं एका सीझनमध्ये दोनदा पुरं केलंय. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी हिशेब. २०० ला साडेतेरा तास मिळतात. सायकल चालू असताना ताशी २० पडले तर दहा तास, म्हणजे थांबे, पंक्चर, जेवण, चहा, ब्रेव्हे कार्डावरचे (बीआरएमच्या हजेरी-कार्डावरचे) शिक्के यांना साडेतीन तास उरतात. ताशी १८ ने चालवलीत तरी सव्वादोन तासांच्या वर उरतात. आता तुमची शनिवारची राईड बघा: तीस-बत्तीसने पळायचं आणि पाऊण तास बसायचं. हा सराव नेमका उलट्या परीक्षेचा आहे. बीआरएममध्ये लागतं ते अकरा-बारा तास सीटवर बसणं, खात राहणं आणि थांबा आटोपून दहा मिनिटांत निघणं.

दुसरं, तुमचा वेग का वाढला नाही. तुम्ही दर आठवड्याला एकच राईड करताय आणि ती मधल्या तापमानाची. जोर वाढायला जेवढी कठीण हवी तेवढी ती कठीण नाही, आणि दम वाढायला जेवढी सौम्य हवी तेवढी सौम्यही नाही. वर पाय इतके दुखतात की दुसरी राईड होतच नाही. लांब राईड खरंच हळू करा. हळू म्हणजे किती? हार्टरेटचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर सतराचा पाढा म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न... मध्ये श्वास घ्यायला न अडखळता दहापर्यंत पोचलात तर वेग बरोबर. 'सतरा चोक' ला धाप लागली तर तुम्ही शर्यतीत आहात, कबूल करा किंवा करू नका. (पाढाच येत नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे.)

तिसरं, आणि माझ्या मते यावरच तुमचं सगळं घोडं अडलंय. गटाने एकत्र राहायचं ते फक्त सपाटीवर. सपाटीवर पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे कष्ट पाव ते एक तृतीयांश वाचतात, म्हणून कमी ताकदीचा माणूसही टिकतो. घाटात वेग दहा-बारावर आला की हा फायदा जवळपास शून्य. तिथे एकत्र राहायचा हट्ट म्हणजे पुढच्याला शिक्षा आणि मागच्यालाही. म्हणून नियम असा करा: घाटाच्या पायथ्याला गट सोडायचा, ज्याने त्याने आपल्या दमाने चढायचं, माथ्यावर थांबून पुन्हा एकत्र व्हायचं. ज्यांना जीव काढायचा आहे त्यांना घाट आहे. मग सपाटीवर कोणाला खाज येत नाही.

रूट असे जमतील. शनिवारी छोटी आणि कडक: स्वारगेटहून कोंढव्यामार्गे बोपदेव घाट चढा, सासवड, दिवेघाट उतरून हडपसर, परत स्वारगेट. साठच्या आसपास होतात. रविवारी लांब आणि हळू. थकलेल्या पायांनी लांब राईड करायची सवय लागते ती यातूनच. लांब राईड ६०, ७५, ९० आणि चौथ्या आठवड्यात परत ६०. मग ९०, ११०, १२५, परत ८०. मग १३०, १५०, आणि शेवटचे दोन आठवडे उतरते, ८० आणि ५०. दीडशे जमले की दोनशे जमतात. आधीच दोनशे करून बघायची गरज नाही, ते बीआरएमच्या दिवशी करा.

---

बोपदेवचा बोकड

दिव्याशी अर्धा असहमत. हे 'हळू चालवा' प्रकरण आठवड्याला पंधरा-वीस तास सायकल चालवणाऱ्यांचं आहे. आयटीतला माणूस कसाबसा सहा तास काढतो. त्यातले पाच तास पाढे म्हणत घालवले तर काय होणार? मी दोन वर्षं फक्त बोपदेव-दिवेघाट करतोय, आठवड्यातून तीनदा, दात-ओठ खाऊन, आणि माझा बोपदेवचा वेळ चार मिनिटांनी उतरला. स्ट्राव्हा ॲपवर बघा.

---

मागचा दिवा

बोकडराव, चार मिनिटं उतरलीत याचा आनंद आहे. तुमची परीक्षा बोपदेवचीच आहे, म्हणून तुमचा अभ्यास बरोबर आहे. यांची परीक्षा बारा तासांची आहे.

शिवाय तुम्ही एकटे चढता. पानशेतच्या रस्त्यावर पंधरा जणांनी दात-ओठ खाल्ले तर दात रस्त्यावर सापडतील.

---

बोपदेवचा बोकड

हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी भेटू बोपदेवला.

---

खडीसाखर

इतका वेळ फक्त वाचत होते. आमच्या भागातल्या गटात आम्ही चार बायका आहोत, पैकी दोघी गेल्या वर्षी सुटल्या. त्या का सुटल्या हे तुमच्या गटालाही लागू पडेल असं वाटतं.

पहिली सुटली ती वेळेमुळे. डिसेंबरात पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. साडेपाचला निघायचं म्हणजे दीड तास अंधार. पंधरा जणांत निघायला भीती नाही, पण घरापासून राजाराम पुलापर्यंत ती एकटीच येणार, आणि खानापूरच्या पुढे गट फुटला की पुन्हा एकटीच. बोपदेवसारख्या घाटात अंधारात एकटीने मागे पडणं म्हणजे काय, ते पुढे गेलेल्यांच्या डोक्यातही येत नाही. म्हणून 'शेवटचा माणूस' ठरलेला हवा, चांगला दमदार, ज्याने शेवटच्या सायकलच्या पुढे जायचंच नाही. आणि ही पाळी आळीपाळीने, वेगवान लोकांचीही. दर वेळी तोच एक सज्जन बळी नको.

दुसरी सुटली ती सल्ल्यांना कंटाळून. प्रत्येक चढावर कोणीतरी शेजारी येऊन 'ताई, गिअर कमी करा', 'ताई, सीट एक इंच वर घ्या'. ती आठ वर्षं चालवतेय. न विचारता सल्ला देऊ नका एवढं लिहून ठेवा कुठेतरी.

आणि रूट ठरवताना स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघा. सासवड-नारायणपूरवरून कपूरहोळच्या फेरीत हायवेला लागलं की पेट्रोल पंप मिळतात. पानशेतच्या वाटेवर मात्र मोठी पंचाईत असते. पुरुषमंडळींना हा प्रश्न पडत नाही म्हणून तो रूटच्या चर्चेत येतच नाही.

---

तिसरा गिअर

खडीसाखर, शेवटचा मुद्दा वाचून खरंच वरमलो. दोन वर्षांत एकदाही डोक्यात आला नव्हता. धन्यवाद.

---

काळा घोडा

माझं वय चौसष्ट. खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काळ्या सायकलने गेलो, तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे आणि फाटक उघडलं की रस्ता सायकलींनी भरून जायचा. ताफ्याने चालवणं म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, गर्दीनेच शिकवलं. शेजारच्याचं हँडल कुठे वळणार हे त्याच्या खांद्यावरून कळायचं. तुम्ही लोक खांदा बघत नाही, घड्याळ बघता.

वेगाचं वेड नवीन नाही. मुंबई-पुणे शर्यत बघायला आम्ही खंडाळ्याला जाऊन उभे राहायचो. बोरघाट सगळ्यात आधी चढेल तो घाटाचा राजा. पण राजा होणारा पोरगा खोपोलीपर्यंत कसा गप्प दुसऱ्याच्या मागे लपून यायचा ते बघण्यासारखं असे. तुमचे राजे धायरीतच मुकुट घालतात.

---

डबलसीट

घोडेकाका, 'धायरीतच मुकुट' ही ओळ आमच्या ग्रुपचं नाव होणार. परवानगी असावी.

---

संत्रानगरी

नागपूरहून. आमच्याकडे घाट नाहीत, वारा आणि ऊन आहे. त्यामुळे आमचं नियोजन घड्याळाने चालतं. एप्रिलमध्ये साडेचारला निघून साडेआठला घरात. तुमच्याकडेही मार्चनंतर हे लागेल.

'किती वेळा कडक, किती वेळा हळू' यावर इथे वाद होतातच. मी एवढंच म्हणेन की आमच्याच गावचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. त्याच्या दोन वर्षं आधी नाशिकच्या महाजन बंधूंनी, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, दोघांच्या टीममध्ये ती केली होती. सगळे डॉक्टरकी सांभाळणारे लोक. पाच हजार किलोमीटरची शर्यत कोणी सगळ्यात जोरात पळून संपवत नाही. आपली २०० त्यापुढे चिमुकली आहे, पण तत्त्व तेच.

वाऱ्याचं एक. जिकडून वारा येणार तिकडे आधी जा, म्हणजे परतताना तो पाठीवर मिळतो. उन्हाळ्यात दुपारी तुमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो ना? मग सकाळी मुळशीकडे जाऊन दुपारी परत या. उलटं केलंत तर शेवटचे तीस किलोमीटर आयुष्यभर लक्षात राहतील.

---

तिसरा गिअर

दोन आठवडे गायब होतो, कारण पडलो. सगळं सांगतो, कारण चूक माझीच होती आणि धागाही मीच काढला होता.

दिव्यांचा सल्ला गटाला वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी बोपदेव-दिवे झकास झालं. घाटात सुटे, वर एकत्र, मीच सगळ्यांना चिक्की वाटली. रविवारी पानशेत, पाढ्याच्या वेगाने. खडकवासला गेलं, डोणजे फाटा गेला, ओळ छान दोन-दोनची चाललेली. मग सकाळची हवा अशी लागली, उजवीकडे पाण्यावर धुकं, आणि कोणी काही बोललं नाही, पण वेग चढला. मी तिसऱ्या नंबरवर होतो. सायकल कॉम्प्युटरवर ३३ दिसलं आणि मी ते बघत बसलो. अगदी लहान मुलासारखा, आता ३४ होतात का म्हणून.

गावाआधी रस्त्यावर त्या पांढऱ्या उंच पट्ट्या असतात, रंबलर. पहिला ओरडला, दुसऱ्याने ऐकलं पण मागे सांगितलं नाही, आणि पट्टी चुकवायला तो हातभर डावीकडे आला. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला वितीभर आत गेलेलं होतं. रबर रबराला घासल्याचा 'फुर्र' असा एकच आवाज. पुढचं आठवतं ते थेट जमिनीच्या उंचीवरून: दोन सेंटिमीटरची खडी, अगदी स्वच्छ दिसणारी, आणि स्वतःचा हात तिच्यावरून घसरत जाताना. कोपर आणि मांडी किसणीवर धरल्यासारखी सोलली. हेल्मेटला मागे तडा. माझ्यावर मागून आलेल्या मित्राला खरचटण्यापलीकडे काही नाही, पण त्याच्या सायकलचा मागचा हँगर वाकला आणि त्याला टांगलेला डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये गेला.

आम्हाला दुधाच्या टेम्पोने आणलं. मागे रिकाम्या कॅनमध्ये दोघं दोन सायकली धरून बसलेलो, प्रत्येक स्पीडब्रेकरला झाकणं वाजतात. ड्रायव्हर म्हणाला, "शर्यत होती काय?" म्हटलं, नाही, सराव. "मंग कशापायी पळवत होता?" यावर मित्र माझ्याकडे बघायला लागला. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत.

हाड शाबूत आहे. दहा दिवस सायकल बंद. बायकोने सायकल गॅलरीतून उचलून सासूबाईंच्या खोलीत ठेवली आहे, तिथून काढायची तर परवानगी लागते.

---

मागचा दिवा

जपा. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं असेल अशी आशा. आणि ते हेल्मेट पुन्हा वापरू नका, तडा गेलेलं हेल्मेट म्हणजे टोपी.

तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे, कारण गटात पडण्याचं हे नेहमीचं कारण. पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक एकमेकांवर चढू द्यायचं नाही. तो जरासा जरी सरकला तरी त्याला काही होत नाही, तुमचं हँडल जातं. नवख्या गटाने एक सायकलभर अंतर ठेवावं. थोडा वारा लागेल, लागू दे. नजर चाकावर नको, पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे हवी (घोडेकाका आधीच म्हणाले आहेत). आरोळी शेवटपर्यंत पोचवायची. पहिल्याने 'खड्डा' म्हटलं की प्रत्येकाने म्हणायचं, नाहीतर तो खड्डा पाचव्यासाठी नव्याने जन्माला येतो. आणि मागचा माणूस 'गाडी' ओरडला की दोन-दोनची ओळ मुकाट्याने एकेरी.

हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या येतील. तिला ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली झोल खाते हे लक्षात ठेवा. थांबलेलं परवडतं.

---

खाडीपलीकडचा

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात. इथल्या क्लबांत राईड जाहीर करतानाच लिहितात: वेग किती, चढ किती, आणि कोणी मागे पडलं तर थांबणार की नाही. 'थांबणार नाही' असं लिहिलेलं असलं की कोणी रुसत नाही, न जमणारा येतच नाही. आपल्याकडे सगळेच 'या हो या' म्हणतात आणि मग खानापूरला सोडून जातात. नकार आधी लिहिलेला बरा.

बाकी इथे रस्ते गुळगुळीत आहेत, पण राईडनंतर इराण्याचा चहा नाही. त्यामुळे हिशेब बरोबरीत.

---

लिंबूसरबत

मिसळीवर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. आहारतज्ज्ञ आहे, सायकलही चालवते.

मिसळ वाईट नाही. राईडच्या मध्यावर वाईट. तर्री आणि फरसाण पोटात तीन तास बसून राहतं आणि परतीला रक्त पायांत हवं तेव्हा ते पोटाकडे जातं. मध्यावर इडली, पोहे, केळी, गुळाची चिक्की. मिसळ घरापासून पाच किलोमीटरवर, राईड संपताना. ते बक्षीस समजा.

पण त्याहून मोठी चूक म्हणजे थांब्यापर्यंत काहीच न खाणं. दीड तासाच्या वर राईड असेल तर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस असतात. म्हणजे तासाला दोन केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. खजूर बिया काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेत तर चालवता चालवता खाता येतात. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात जास्त, आणि एका बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ. मीठ चवीपुरतं नको, जरा जाणवेल इतकं. भूक लागल्यावर खायचं म्हणजे उशीर झाला.

बीआरएमला जे खाणार तेच आधीचे बारा आठवडे खा. त्या दिवशी कोणीतरी दिलेलं नवं एनर्जी जेल तोंडात घालू नका. त्याची कथा मी इथे लिहिणार नाही, जेवणाच्या वेळी लोक धागे वाचतात.

---

डबलसीट

मिसळ मध्यावरच हवी, हे माझं मत मी जाहीर करतो आणि एकटाच पडतो.

---

काळा घोडा

लाडवावर +१. आमची ही तीस वर्षं डब्यात गूळ-शेंगदाणे द्यायची. आता कळलं त्याला कर्बोदकं म्हणतात.

---

तिसरा गिअर

सायकल सासूबाईंच्या खोलीतून सुटली. अटी तीन: नवं हेल्मेट, मागे दोन दिवे, आणि राईड सुरू होताना व संपताना फोन.

काल आमच्या गटाची बैठक झाली. (मिसळीवरच, पण सायकली घरी ठेवून.) जे ठरलं ते मांडतो, चुका काढा.

गट दोनच. तीन पाडले असते तर मधल्यात सगळेच गेले असते. एक गट सपाटीला ताशी २२ ते २४, दुसरा २७ ते ३०. कोण कुठल्या गटात हे ज्याचं त्याने आदल्या रात्री नऊपर्यंत लिहायचं. वेगवान गट मागच्यासाठी थांबणार नाही, तसं स्पष्ट लिहिलं आहे. २२-२४ च्या गटात मात्र कोणालाही सोडायचं नाही आणि त्याचा शेवटचा माणूस दर आठवड्याला बदलतो. पहिली पाळी मीच मागून घेतली आहे, कोपर अजून वाकत नाही नीट.

निघण्याची वेळ डिसेंबरपर्यंत सव्वासहा. खडीसाखर, यावरून बराच गोंधळ झाला, कारण दोघांना दहाच्या आत मुलाला क्लासला सोडायचं असतं. शेवटी असं ठरलं की त्यांनी अर्ध्यातून वळायचं, बाकीच्यांनी अंधारात निघायचं नाही. रविवारच्या लांब राईडला पानशेतऐवजी बहुतेक वेळा कपूरहोळ: बोपदेव, सासवड, नारायणपूर, कपूरहोळ आणि कात्रजमार्गे परत, शंभरच्या आसपास. पंप आहेत, टपऱ्या आहेत. हायवेवरचा पट्टा एकेरी, खांद्यावरून, गप्पा बंद. दीडशेला जेजुरीकडे वाढवू. लहान आठवड्यांना खडकवासला आणि सिंहगडाचा पायथा. गडावर चढायचं ते फक्त ज्यांना हौस आहे त्यांनी, आणि आठच्या आत खाली, नंतर तिथे चारचाकींची जत्रा असते.

एकच थांबा, वीस मिनिटं. मिसळीचा प्रस्ताव सात विरुद्ध आठ मतांनी पडला.

---

डबलसीट

लोकशाहीचा काळा दिवस.

---

खडीसाखर

सव्वासहाबद्दल आभार. तुमच्या गटात बायका किती? दोन असतील तर तिसरी मी. वारजेवरून येईन.

---

बोपदेवचा बोकड

मी २७-३० मध्ये. आणि दिवा म्हणतो म्हणून रविवारी २२ वाल्यात येऊन बघतो, एकदाच. शेवटचा माणूस व्हायला सांगितलंत तरी होईन. बोपदेवला मात्र मला कोणी अडवायचं नाही.

---

संत्रानगरी

पंक्चरच्या किटचं काय ठरलं? आमच्याकडे एका गटात आठ पंप आणि एकही ट्यूब नाही असं झालंय.

---

तिसरा गिअर

हे राहिलंच. प्रत्येकाकडे एक ट्यूब आणि टायर लिव्हर, पंप दर चौघांत एक. प्रेस्टाचा (आमच्या ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हचा) अडॅप्टर माझ्या खिशात कायम असतो, नाहीतर हायवेवरचा पंक्चरवाला तो व्हॉल्व्ह बघून आधी हसतो आणि मग हवा भरायला हात लावत नाही.

या रविवारी ७५. सव्वासहा, स्वारगेट, कोंढव्याकडे जाणारी बाजू. बोपदेव, सासवड, आणि तिथून जेजुरीच्या रस्त्याला थोडं जाऊन परत. दिवेघाटात रुंदीकरणाची खडी-माती असते, म्हणून उतरताही बोपदेवनेच. घाटाखाली गट सुटेल, माथ्यावर जमेल. सासवडपर्यंत पाढा.

---

डबलसीट

सतराचा येत नाही. अकराचा चालेल का?

---

मागचा दिवा

घाटात चालेल. रविवारी मीही येतोय. माझ्याकडच्या जास्तीच्या ट्यूब २८ मिमी टायरच्या आहेत, २३ वाल्यांनी आपापल्या आणाव्यात.